मेमधला ड्राफ्टर सप्टेंबरपर्यंत: कॉलेजच्या जुन्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार कसा उभारायचा

नवी मुंबईतल्या कॉलेजमधल्या जुन्या वस्तूंचा बाजार वेबसाइट नसल्यामुळे अडत नाही, तो वेळेवर अडतो. मे-जूनमध्ये परीक्षा संपते, पीजी रिकामी करायची असते, आणि गादी, टेबल फॅन, ड्राफ्टर (इंजिनीअरिंग ड्रॉइंगचं उपकरण), पुस्तकं सगळं एकदम विकायला निघतं. पहिल्या वर्षाची मुलं मात्र कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या आटोपून ऑगस्ट-सप्टेंबरात कॉलेजात पाय ठेवतात. मधल्या दोन-तीन महिन्यांत विकणारा गावी पोचलेला असतो आणि पुस्तकं रद्दीत गेलेली असतात. घेणारा मग दुकानातून नवी वस्तू आणतो. बाजाराची सगळी रचना हे अंतर मिटवण्यासाठी करायची आहे. कोडचं काम त्यामानाने थोडं आहे.

दुसरी गोष्ट व्याप्तीची. 'संपूर्ण नवी मुंबईसाठी' म्हणून सुरू केलेली साइट पहिल्या महिन्यातच ओस पडते, कारण पनवेलची गादी आणि ऐरोलीचा घेणारा यांची गाठ पडत नाही. सुरुवात एका कॉलेजपासून करा, फार तर एकाच स्टेशनला उतरणाऱ्या दोन-तीन कॉलेजांपासून. नेरूळ, खारघर, वाशी यांपैकी कुठलंही एक स्टेशन पुरेसं आहे. साइट उघडाल त्या दिवशी एकाच आवारातल्या निदान शंभर वस्तू त्यावर हव्यात. रिकामं पान पाहून गेलेला विद्यार्थी सहसा परत येत नाही.

आधी फॉर्म, मग साइट

एप्रिलच्या मध्यावर गुगल फॉर्म तयार करा. रकाने दहाच्या वर नकोत: वस्तू, प्रकार, किती जुनी, दोष काय, किंमत, किती दिवसांत विकायची आहे, जवळचं स्टेशन, फोटो, नाव, संपर्क. उत्तरं शीटमध्ये येतात, त्यांची यादी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. फोटो चढवण्याचा प्रश्न ठेवलात तर फॉर्म भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉग-इन करावं लागतं आणि फोटो तुमच्या ड्राइव्हवर जमा होतात, एवढं लक्षात ठेवा.

महिनाभर अशी हातानेच यादी चालवली की तुमच्या कॉलेजात खरोखर काय विकलं जातं ते कळतं. इंजिनीअरिंगमध्ये ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, एप्रन, वर्कशॉपचा बॉयलर सूट, आर्डुइनो आणि सेन्सरचं किट. कॉमर्समध्ये पुस्तकं आणि सीएच्या मॉड्यूलचे संच. हॉस्टेलवाल्यांकडे गादी, बादली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड. साइटवरचे वस्तूंचे प्रकार या यादीवरून ठरवा. दुसऱ्या साइटचे प्रकार जसेच्या तसे उचलले तर 'घर आणि बाग' असला कप्पा तयार होतो आणि तो रिकामाच राहतो.

डेटाबेसमध्ये काय असावं

पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि त्यावर जँगो (साइट बांधायची चौकट), किंवा सुपाबेस (तयार ऑनलाइन डेटाबेस) आणि त्यावर रिअॅक्ट (पानं बांधायचं साधन). जे हाताला बसलेलं आहे ते घ्या. सुपाबेसच्या फुकट योजनेची एक अडचण आधीच सांगायला हवी: आठवडाभर वापर झाला नाही तर प्रकल्प थांबवला जातो. ऐन परीक्षेत साइटवर कुणी फिरकत नाही, आणि परीक्षा संपून विक्रेते यायला लागतात तेव्हाच साइट बंद सापडते. रोज एकदा डेटाबेसला हात लावणारं छोटं काम वेळापत्रकावर लावून ठेवा.

मुख्य तक्ते सहा पुरतात: वापरकर्ते, वस्तू, फोटो, मागण्या, तक्रारी, स्टेशनं. किंमत पूर्ण रुपयांत, पूर्णांक म्हणून साठवा. दशांशाची इथे गरज नाही.

पुस्तकांना एक जादा रकाना लागतो आणि तो अनिवार्य ठेवा: अभ्यासक्रमाची योजना. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगमध्ये 2019 ची सी स्कीम होती, मग 2024-25 पासून पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. स्वायत्त कॉलेजांचे अभ्यासक्रम आणखी वेगळे असतात. विषयाचं नाव तेच, मुखपृष्ठही तेच, आतली प्रकरणं वेगळी. हा रकाना नसेल तर ज्युनिअरच्या गळ्यात निरुपयोगी पुस्तक पडतं आणि त्याचा साइटवरचा विश्वास उडतो. पर्याय यादीतूनच निवडायला द्या. मोकळं लिहायला दिलं तर 'सी स्कीम' पाच तऱ्हांनी लिहिलं जाईल.

वस्तूच्या स्थिती चार: उपलब्ध, राखीव, विकली, मुदत संपली. एकाच वस्तूवर दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांनाही 'तुमच्यासाठी राखीव' असा संदेश जातो. ही चूक हटकून होते. आधी स्थिती वाचायची आणि मग बदलायची, असं दोन पायऱ्यांत लिहिल्यामुळे ती होते. एकाच आज्ञेत लिहा: या क्रमांकाच्या वस्तूची स्थिती अजून 'उपलब्ध' असेल तरच ती 'राखीव' कर. मग किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आल्या तर दुसऱ्याने आधी घेतली.

राखीव 48 तासांसाठी, त्यानंतर वस्तू आपोआप पुन्हा उपलब्ध. नोंदीची मुदत 30 दिवस. पंचविसाव्या दिवशी विक्रेत्याला 'अजून आहे का?' असा संदेश जावा आणि त्यात 'आहे' आणि 'विकली' अशी दोनच बटणं असावीत. हा संदेश लॉग-इन न करता, एका टिचकीत उत्तर देता येईल असाच करा. विकल्या गेलेल्या वस्तू यादीत तशाच पडून राहिल्या की घेणारा तीन ठिकाणी विचारतो, तिन्हीकडून 'गेली' ऐकतो आणि साइट सोडतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

'5 किलोमीटरच्या आत' असा शोध ठाणे-नवी मुंबईत फसवा ठरतो. ऐरोली आणि मुलुंड नकाशावर खाडीच्या दोन काठांना समोरासमोर दिसतात, पण लोकलने जायचं तर ठाण्याला गाडी बदलावी लागते. उलट ऐरोली ते खारघर अंतर लांबचं असलं तरी पनवेल गाडीत बसलं की सरळ उतरता येतं. विद्यार्थ्याकडे पास असतो, त्याचं अंतर स्टेशनांत मोजलं जातं.

म्हणून विक्रेत्याकडून पत्ता घेऊ नका, स्टेशन घ्या. ठाण्यापासून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तिथून एक फाटा सानपाडा-वाशीकडे, दुसरा जुईनगर-नेरूळकडे आणि पुढे सीवूड्स-दारावे, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. वाशी, सानपाडा, जुईनगर ही लोकलच्या हार्बर मार्गावर एका ओळीत आहेतच. सगळी मिळून 17 स्टेशनं. कोणतं कोणाला जोडलेलं आहे याचा छोटा तक्ता करा, दोन स्टेशनांमधल्या स्टेशनांची संख्या मोजा आणि गाडी बदलावी लागत असेल तर तीन स्टेशनं जादा धरा. यादी या आकड्याने लावा. चाळीस ओळींचा कोड आहे, पण वापरणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

वस्तू देण्याघेण्याची जागाही साइटनेच सुचवावी: कॉलेजचं गेट, ग्रंथालयाबाहेरचा कट्टा, स्टेशनचं तिकीटघर. नुसतं 'वाशी स्टेशनला भेटू' म्हटलं की एक जण स्टेशनच्या एका बाजूला उभा राहतो आणि दुसरा पलीकडच्या बाजूला, फोनाफोनीत अर्धा तास जातो. प्रत्येक स्टेशनासाठी एकच ठरलेली खूण लिहून ठेवा. प्लॅटफॉर्मवर भेटायचं तर दोघांकडेही पास किंवा तिकीट हवं, हे त्याच ओळीत लिहा. भेट उजेडात, आणि शक्यतो बरोबर कुणाला तरी घेऊन.

गादी, टेबल, कपाट यांना 'मोठं सामान' अशी खूण हवी. त्यासाठी टेम्पोचं भाडं लागतं, आणि बऱ्याच सोसायट्यांमध्ये घरमालकाच्या चिठ्ठीशिवाय वॉचमन सामान गेटबाहेर काढू देत नाही. चिठ्ठी, मजला आणि लिफ्ट यांचा उल्लेख नोंदीतच असू दे. दोनशे रुपयांच्या टेबलासाठी टेम्पो करून आलेल्या मुलाला गेटवरून परत जावं लागू नये.

फोटो

मोबाइलचा फोटो 3 ते 6 एमबीचा असतो. तो चढवण्याआधी ब्राउझरमध्येच लांब बाजू 1200 पिक्सेलवर आणा आणि वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदला, साधारण 150 केबीत बसतो. पाचशे वस्तू, प्रत्येकी तीन फोटो, म्हणजे सव्वादोनशे एमबी. फुकटच्या साठवणीत आरामात मावतं.

आयफोनचे एचईआयसी प्रकारातले फोटो बहुतेक ब्राउझरमध्ये दिसत नाहीत, ते रूपांतरित करावेच लागतात. याहून महत्त्वाचं म्हणजे फोटोच्या आत तो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासह दडलेलं असू शकतं. खोलीत काढलेला कॅल्क्युलेटरचा फोटो मुलीच्या घराचा पत्ता सांगून जातो. ती माहिती सर्व्हरवर पुन्हा एकदा पुसा. ब्राउझरमध्ये पुसली गेली असेल असं गृहीत धरू नका.

कोणते फोटो हवेत ते प्रकारानुसार सांगा. ड्राफ्टरचे तीन: पूर्ण उघडलेला, क्लॅम्पचा स्क्रू जवळून, आणि पट्ट्यांवरच्या खुणा वाचता येतील असा. घेताना बोर्डवर घट्ट बसवून कागदाच्या वरच्या टोकाला एक आडवी रेघ ओढायची, कोन न बदलता खाली सरकवून दुसरी. दोन्ही रेघांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजायचं. फरक दिसला तर सांधे ढिले झालेत आणि त्या ड्राफ्टरवर शीट नीट उतरणार नाही. सौरपट्टी आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा कॅल्क्युलेटर, म्हणजे एफएक्स-991 ईएस प्लससारखा, पाहताना अंगठ्याने सौरपट्टी झाकायची. आकडे फिके पडले तर आतली बॅटरी संपत आली आहे. बॅटरी स्वस्त असते, पण किंमत ठरवताना ते माहीत हवं. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो सक्तीचा करा. तिथे ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल तर नोंद नाकारा.

कोण येऊ शकतं, आणि नंबर कोणाला दिसतो

एसएमएसने ओटीपी पाठवायचा विचार सोडून द्या. भारतात त्यासाठी डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर) संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते आणि विद्यार्थ्यांच्या गटाला ती जड जाते. कॉलेजचा ईमेल असेल तर त्यावर कोड पाठवा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 च्या आसपास मेल जातात, तेवढे पुरतात. लॉग-इन मात्र वैयक्तिक ईमेलला जोडा, कारण पास झाल्यावर कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि गादी विकायला निघालेला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी नेमका तेव्हाच बाहेर फेकला जातो. कॉलेज ईमेल देतच नसेल तर ओळखपत्राचा फोटो पाहून खातं मंजूर करा आणि मंजुरीनंतर तो फोटो लगेच पुसा. साठवून ठेवलेलं ओळखपत्र हा फुकटचा धोका आहे.

ज्युनिअर कॉलेजला बाजार खुला करायचा मोह होईल, ग्राहक तिथे भरपूर आहेत. पण अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठरा वर्षांखालची असतात, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अल्पवयीनाने केलेला करारही टिकत नाही. निदान पहिल्या वर्षी खातं अठरा पूर्ण झालेल्यांनाच द्या.

फोन नंबर नोंदीवर कधीही उघडा ठेवू नका. व्हॉट्सअॅपवर थेट नेणारी लिंकही नको, कारण लिंकमध्येच नंबर असतो. मुलींच्या नंबरवर नंतर महिनोन्महिने मेसेज येत राहतात आणि अशी एक घटना झाली की कॉलेजातल्या मुली साइट वापरणं बंद करतात. त्यांचं बरोबरच आहे. क्रम असा ठेवा: घेणारा मागणी पाठवतो, विक्रेत्याला त्याचं नाव, वर्ष आणि शाखा दिसते, विक्रेता 'हो' म्हणतो, त्यानंतरच दोघांना एकमेकांचे नंबर दिसतात. एका खात्यातून दिवसाला पाचच मागण्या. 'तक्रार करा' हे बटण नंबराच्या शेजारीच हवं.

तक्रार कोणाकडे जाते त्याचं नाव आणि ईमेल साइटवर लिहा. 2021 च्या आयटी नियमांनुसार मध्यस्थाने, म्हणजे अशी साइट चालवणाऱ्याने, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते आणि निकाल ठरलेल्या मुदतीत. एका आवारात याहून लवकर करता येतं, तेव्हा ते करावंच.

शोध

'ड्राफ्टर', 'मिनी ड्राफ्टर', 'ड्राफटर', शिवाय रोमन लिपीतली चार स्पेलिंगं. शोधणारा यातलं काहीही टाइप करील. पोस्टग्रेसचा ट्रायग्रॅम विस्तार (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवणारी जोड) चुकीची स्पेलिंगं पकडतो, पण देवनागरी आणि रोमनची सांगड घालत नाही. त्यासाठी समान शब्दांचा तक्ता हाताने करा: एप्रन आणि लॅब कोट, गादी आणि मॅट्रेस, अशा साठ-सत्तर जोड्या. ज्या शोधाला काहीच सापडलं नाही ते शब्द साठवा आणि दर रविवारी पाहा. पुढच्या जोड्या तिथूनच मिळतात, आणि लोकांना काय हवं आहे तेही तिथेच कळतं.

पैसे

पैसे तुमच्या खात्यातून फिरवू नका. एकाकडून घेऊन दुसऱ्याला द्यायला लागलात की रिझर्व्ह बँकेचे नियम आणि जीएसटी दोन्हींचा प्रश्न उभा राहतो. वस्तू हातात आल्यावर, समोरासमोर, रोख किंवा यूपीआय. आगाऊ रक्कम नाही.

मागणी मंजूर होणाऱ्या पानावर तीन वाक्यं ठळक अक्षरांत असू द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कुणाचा क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही, आपल्या अॅपमध्ये शिल्लक पाहा. जवान असल्याचं सांगून, बदली झाली म्हणून वस्तू न पाहता पैसे पाठवतो म्हणणाऱ्याला नकार द्या. फसवणूक झालीच तर पहिल्या तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

किंमत सुचवणारं छोटं कोष्टक विक्रेत्यांना फार उपयोगी पडतं. चालू योजनेचं स्वच्छ पुस्तक छापील किमतीच्या निम्म्यात, रेघोट्या मारलेलं तिसऱ्या हिश्शात, जुन्या योजनेचं रद्दीच्या भावात. जुना मोबाइल विकायला ठेवू द्यायचा असेल तर स्टार-हॅश-06-हॅश डायल करून आलेला आयएमईआय क्रमांक घेणाऱ्याने संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासावा, चोरीचा असेल तर तिथे कळतं. पूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स, पीडीएफ, औषधं आणि कुणाची तयार जर्नल्स साइटवर नकोत. वैद्यकीय कॉलेज जवळ असेल तर खऱ्या हाडांचा बोन सेटही नको, प्लास्टिकचा चालेल.

मे ते सप्टेंबर: कपाट

आता मूळ प्रश्न. गावी जाणाऱ्याची वस्तू कुठे ठेवायची?

प्राचार्यांना किंवा ग्रंथपालांना लेखी अर्ज देऊन एक स्टीलचं कपाट मागा, कुलूप तुमचं. त्यात फक्त लहान वस्तू: पुस्तकं, ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, एप्रन, किट. गाद्या कुठलंही कॉलेज ठेवून घेणार नाही, त्या मेमध्येच उन्हाळी वर्गांना थांबणाऱ्यांना किंवा इंटर्नशिपसाठी पीजीत येणाऱ्यांना विकल्या जाव्यात म्हणून त्यांची नोंद 1 मेपासूनच वर दाखवा.

प्रत्येक वस्तूला नोंदीचा क्रमांक चिकटवा आणि तोच क्रमांक वहीत लिहा. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येक खणात डांबरगोळ्या, आणि सगळ्यात खालचा खण रिकामा. जुलैत नवी मुंबईतल्या तळमजल्यावरच्या खोलीत भिंतीला ओल येते आणि खालच्या खणातली पुस्तकं बुरशीने जातात. कॅल्क्युलेटर झाकणासह ठेवा. बटणाची बॅटरी सहज निघत असेल तर काढून वेगळ्या पाकिटात, नाहीतर ती पाझरते.

विक्रेत्याचा क्यूआर वस्तूवर चिकटवण्याची कल्पना सोयीची वाटते, पण यूपीआय आयडीत पुष्कळदा मोबाइल नंबरच असतो. तो मागणी मंजूर झाल्यावर साइटवरच दाखवा. घेणारा कपाटाशी येतो, वस्तू तपासतो, विक्रेत्याला थेट पैसे पाठवतो, विक्रेता गावाहून साइटवर 'मिळाले' दाबतो, मग स्वयंसेवक वस्तू देतो आणि वहीत सही घेतो. कपाट उघडण्याची वेळ आठवड्यातून दोन दिवस, जेवणाच्या सुट्टीत तासभर. वेळ वाढवली तर स्वयंसेवक गळतात.

वस्तू ठेवतानाच विक्रेत्याकडून एक संमती घ्या: 30 सप्टेंबरनंतर किंमत निम्मी, 31 ऑक्टोबरनंतर न विकलेली पुस्तकं कॉलेजच्या बुक बँकेला. हे आधी ठरलेलं नसेल तर दिवाळीत कपाट भरलेलंच राहतं आणि पुढच्या मेमध्ये जागा नसते.

हे कोण चालवणार

साइट बांधणारी मुलं शेवटच्या वर्षाची असतात आणि जूनमध्ये तीही जातात. फेब्रुवारीतच दुसऱ्या वर्षातल्या तिघांना हाताशी घ्या. डोमेन कुणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर न घेता गटाच्या ईमेलवर घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख मेमध्ये पडणार नाही असं पाहा. पासवर्ड, कपाटाची दुसरी किल्ली, ग्रंथपालांना दिलेल्या अर्जाची प्रत आणि समान शब्दांचा तक्ता एकत्र द्या. शेवटी नव्या तिघांना कोऱ्या लॅपटॉपवर बसवा आणि जुन्यांनी तोंड न उघडता बॅकअपवरून साइट उभी करायला सांगा. जिथे ते अडतील तिथलं लिहून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लावा, आणि ती न अडता उभी राहिली की जुन्यांचे पासवर्ड रद्द करा.